वामनदादा, रॅपर आणि दौऱ्याचा हिशेब

मराठी रॅपवरचा कुठलाही लेख उघडा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य भेटणारच: ‘रॅपर म्हणजे आजचा शाहीर.’ पुढे जलशांचं नाव येतं, मग एखाद्या रॅपरचा माइक धरलेला फोटो. वाक्य खोटं नाही. पण ते इतक्या घाईत म्हटलेलं असतं की त्यात शाहीरही नीट दिसत नाही आणि रॅपरही. दोघं सत्तेला टोचेल असं बोलतात, एवढ्या एका धाग्यावर ही सोयरीक जुळवलेली असते. शाहीर काय बोलला ते आपण पाहतो. तो बोलायला त्या गावात पोचला कसा, झोपला कोणाकडे, पेटी कोणी वाजवली, निघताना हातात काय पडलं आणि तो गेल्यावर त्या गावात गाण्याचं काय झालं, हे प्रश्न राहूनच जातात.

माझं पीएच.डी.चं काम या राहिलेल्या प्रश्नांवर आहे. फिरतीवर जगणाऱ्या गाणाऱ्याचा दौरा त्याच्या गाण्याचा घाट कसा घडवतो, असा तो विषय. घाट म्हणजे काय? गाण्यात काय सांगितलंय ते थोडा वेळ बाजूला ठेवा. धृपद किती वेळा येतं, कडवी किती, चाल कुठली, कवीचं नाव कुठे येतं, म्हणजे गाण्याची बांधणी, तो घाट. आजची नोंद एकाच माणसाबद्दल आहे: लोकशाहीर वामनदादा कर्डक. रॅपर मध्ये मध्ये येत राहील, कारण त्याच्याशेजारी उभं केल्यावर वामनदादांच्या काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात. उलटही खरं आहे.

ज्यांना नाव माहीत आहे पण तपशील नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. घरात गरिबी. पुढे मुंबई, गिरणी, कोळसा, चिक्की-आइसफ्रूट विकणं, मिळेल ते काम. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती पक्की झाली असं सांगितलं जातं. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. नंतरची साठ वर्षं गाणी लिहीत आणि गात महाराष्ट्र पायाखाली घातला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह १९७०च्या दशकातले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन नंतरचं. १५ मे २००४ रोजी नाशिकला ते गेले. एकूण गाणी दहा हजारांच्या घरात, असं लोक सांगतात. आकडा मोजून काढलेला नाही, पण छापील संग्रहांत त्यातली फार थोडी आली आहेत हे पुस्तकं हातात घेतली की लगेच कळतं.

एक गल्लत इथेच दूर करून टाकते. नाशिक जिल्ह्यात गाण्याच्या इतिहासात दोन कर्डक आहेत. भीमराव कर्डक हे आधीच्या पिढीचे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, त्या चळवळीच्या दिवसांत जलसा घेऊन फिरणारे ते भीमराव. ‘आंबेडकरी जलसे’ हे त्यांचं पुस्तक १९७८चं. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांची बरोबरी एका जलशाशी केली, ही आठवण त्यांच्या जलशाबद्दल सांगितली जाते. रॅपवरच्या लेखांत ती खुशाल वामनदादांच्या नावावर खपते. नुसतं नाव चुकतं म्हणून मी हे सांगत नाहीये. जलसा म्हणजे अख्खी मंडळी: गण म्हणणारे, सोंग करणारे, झीलकरी, ढोलकीवाला. ती सगळी माणसं एकत्र प्रवास करायची. वामनदादांचा दौरा वेगळा. कधी सोबत दोन-चार माणसं, कधी एकटेच. एका माणसाचा दौरा आणि पंधरा माणसांचा दौरा यांतून एकसारखं गाणं निघत नाही. स्वतंत्र रॅपरशी तुलना करायचीच असेल तर ती एकट्या फिरणाऱ्या माणसाशी करायला हवी.

आता पद्धतीबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ट्रिशिया रोझ या अभ्यासक बाईंनी १९९४ साली ‘ब्लॅक नॉइज’ हे पुस्तक लिहिलं. रॅपवरच्या अभ्यासात ते पायाचं मानलं जातं. त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट अशी: हिपहॉपमधली लय वाहती ठेवणं, तिच्यावर थर चढवणं आणि मध्येच ती तोडणं, या सवयी रोझबाई न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या मोडकळीला आलेल्या वस्त्यांशी जोडून दाखवतात. म्हणजे शब्दांच्याही आधी, बांधणीतच शहर आहे. आपल्याकडे शाहिरीबद्दल हे फार कमी झालं. शाहिरीचा आशय आपण पन्नासदा सांगितला. तिच्या बांधणीत रस्ता कुठे आहे, हे शोधायचं राहिलं.

तर पहिली गोष्ट, चाल.

भीमगीतांची छोटी पुस्तकं तुम्ही पाहिली असतील. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, जयंतीच्या गाड्यांवर मिळतात. त्यात गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: चाल, अमुक गाण्याची. बरेचदा ते सिनेमाचं गाणं असतं. वामनदादांचं पहिलं गाणंही तसंच, एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर केलेलं विडंबन. शिकल्यासवरल्या वाचकाला ही ओळ खटकते. ‘कवी म्हणून मोठा, पण चाली उसन्या’ हा शेरा मी चर्चासत्रांत ऐकलाय, आणि तो वामनदादांवर प्रेम करणाऱ्यांकडूनच ऐकलाय. माझं म्हणणं याच्या उलट आहे.

कल्पना करा, तुम्ही एकटे मनमाडला रेल्वेतून उतरलात. तिथून एसटीने येवल्याकडच्या एका गावात जायचंय. रात्री जयंतीचा कार्यक्रम आहे. पेटी गावातल्या भजनी मंडळातून येणार, ढोलकीवाला शेजारच्या वस्तीतून. दोघांना तुम्ही संध्याकाळी पहिल्यांदा भेटणार. तालमीला वेळ अर्धा तास, तोही चहा पीत. अशा वेळी स्वतः बांधलेली नवी, नाजूक चाल घेऊन गेलात तर पेटीवाला तुम्हाला शोधत राहील आणि तुम्ही पेटीवाल्याला. पण ‘अमक्या सिनेमातल्या तमक्या गाण्याची चाल’ असं म्हटलं की काम झालं. पेटीवाल्याला ती येते, ढोलकीवाल्याला ठेका माहीत आहे, आणि समोर बसलेल्या बायाबापड्यांनाही ती तोंडपाठ आहे, फक्त शब्द वेगळे होते. दुसऱ्या धृपदाला सगळा मांडव गायला लागतो. ज्याला स्वतःची वाद्यमंडळी पोसणं परवडत नाही त्याच्यासाठी सिनेमाची चाल म्हणजे गावोगाव आधीच तयार असलेला वाद्यवृंद. रेडिओनं आणि टुरिंग टॉकीजनं ती तालीम फुकटात करून ठेवलेली असते.

पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३चं पुस्तक उत्तर भारतातल्या कॅसेटच्या बाजाराबद्दल आहे. त्यात उसन्या चालींवरच्या गाण्यांचा बराच ऊहापोह आहे. ओळखीची चाल माल पटकन खपवते, हा त्यातला एक धागा. ते खरंच आहे. पण कॅसेट येण्याच्या कितीतरी आधी वामनदादांना चालीची गरज पडली ती विकायला नव्हे, पोचायला. आणि हीच गोष्ट रॅपच्या जन्मातही आहे, ती आपण विसरतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या एका इमारतीत कूल हर्क या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथून हिपहॉपची जन्मकथा सांगतात. त्याची खुबी हीच होती की लोकांच्या ओळखीच्या रेकॉर्डींमधला सगळ्यात नाचायला लावणारा तुकडा तो लांबवत न्यायचा. ओळखीच्या सुरावर आपलं काहीतरी उभं करणं ही दोन्हीकडची पहिली पायरी आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘उसनी चाल’ म्हणून नाक मुरडलं तर त्याला विचारा, मग सॅम्पलिंगला आपण कला का म्हणतो?

इथपर्यंत साम्य. आता फरक.

आजचा स्वतंत्र रॅपर स्लीपरच्या डब्यातून येतो, बॅगेत कपडे आणि खिशात पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हमध्ये बीट आहे. ते सोयीचं आहे: वाजवणारा नको, तालीम नको, गावात पेटी आहे की नाही हे विचारायला नको. पण ती बीट तीन मिनिटं दहा सेकंदांची असेल तर ती तीन मिनिटं दहा सेकंदांनीच संपते. समोरच्या पोरांना एखादी ओळ इतकी लागली की ती चारदा हवी, तर बीट थांबवून पुन्हा लावावी लागते. ढोलकीवाला डोळ्यांच्या इशाऱ्यावर थांबतो. पेन ड्राइव्हला डोळे नसतात.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. यातून दुसरी गोष्ट दिसते, धृपदाची. छापील संग्रहात वामनदादांचं गाणं वाचताना धृपद पहिल्यांदा पूर्ण असतं आणि नंतर त्याचा पहिला शब्द व तीन टिंबं. डोळा ते ओलांडून पुढे जातो. कार्यक्रमात तिथे काय घडतं? तिथे बक्षीस घडतं. कुणीतरी उठतो, दहाची नोट घेऊन मंचाकडे येतो, सूत्रसंचालक कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारतो, कधी त्याच्या आजीचंही नाव घेतो. तोवर झीलकरी धृपद फिरवत राहतात. नाव पुकारून झालं की गाणारा पुढचं कडवं घेतो. म्हणजे ती तीन टिंबं ही पैशाची आणि मानाची जागा आहे. गाण्याची कमाई गाण्याच्या पोटातच होते. आधी सुपारी ठरताना जो विसार मिळतो तो बरेचदा प्रवासातच संपणार. रात्रीचं खरं उत्पन्न या फिरत्या धृपदात असतं. त्यामुळे धृपद असं हवं की दहा वेळा म्हटलं तरी कंटाळा येऊ नये, आणि कुठल्याही क्षणी त्यातून बाहेर पडता यावं. वामनदादांची धृपदं छोटी, टोकदार आणि स्वतःत पूर्ण असतात, ते याचमुळे, असं मी मांडते. कागदावर ती कधीकधी ‘सोपी’ वाटतात. सोपी आहेतच, आणि तशी करायला अक्कल लागते.

रॅपरचा हुक दिसायला असाच असतो, पण त्याच्या पोटात पैसा येत नाही. त्याचं मानधन प्रमोटरशी व्हॉट्सॲपवर ठरलेलं असतं आणि कार्यक्रमानंतर कधी त्याच रात्री, कधी दोन महिन्यांनी, कधी ‘एक्सपोजर’ या नावाने मिळतं. प्रेक्षक तिकीट काढून आत येतो, मोबाइल वर धरतो. त्याला वाटलं तरी तो मंचाकडे नोट घेऊन जात नाही, तो रिवाजच नाही. गाणाऱ्याला पैसे देताना सगळ्यांसमोर आपलं नाव घेतलं जाणं, ही जी वस्तीतल्या माणसाची चैन होती, ती इथे गेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते: नाव.

वामनदादांच्या असंख्य गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. यालाच नाममुद्रा म्हणतात. तुम्हाला ती वारकरी अभंगांतून ओळखीची आहे: तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. परंपरा तिथूनच आली, यात वाद नाही. पण संतांच्या नाममुद्रेबद्दल आपण बोलतो तेव्हा अनुभवाची साक्ष, नम्रता असं काही म्हणतो. रस्त्यावरच्या गाण्यात ती आणखी एक काम करते. ती चोरीपासून वाचवते.

कशी ते बघा. ‘वामन’ या शब्दाच्या मात्रा मोजा. वा दोन, म एक, न एक. चार. केरवा आठ मात्रांचा, म्हणजे ‘वामन’ने त्याचा बरोब्बर अर्धा भाग भरतो. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कुठेही हे नाव ठोकळ्यासारखं बसतं. समजा गाणं दुसऱ्या कुणी उचललं आणि त्याला आपलं नाव घालायचंय. त्याचं नाव दिगंबर असेल तर पाच मात्रा झाल्या, ठेका अडखळला. मांडवातल्या माणसाला मात्रा मोजता येत नसतील, पण अडखळ त्याच्या कानाला लगेच कळते. नाव यमकात गुंफलेलं असेल तर काम आणखी अवघड, दोन ओळी नव्याने लिहाव्या लागतील. आणि जो दोन ओळी इतक्या सफाईने लिहू शकतो तो चोरी कशाला करेल?

ज्या समाजात गाणं ऐकून शिकलं जात होतं, वहीत उतरवून घेतलं जात होतं, वही एकाकडून दुसऱ्याकडे जात होती, तिथे मालकीचा कुठलाही कागद गाण्यासोबत जाणार नव्हता. तर मालकी गाण्यातच शिवून टाकायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं की हे वामनचं आहे. उमेदीच्या काळापर्यंत स्वतःला वाचता येत नव्हतं अशा माणसाने हे केलं, म्हणून मला ते जास्त भिडतं.

बरं, हे कुलूप कधी तुटतं? गाणं यंत्रात गेलं की. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावतात. पाच कडव्यांचं गाणं त्यात बसवायचं तर कात्री लागणार. पहिलं कडवं कुणी कापत नाही, कात्री शेवटाकडे लागते. आणि शेवटीच तर नाव आहे. मग कवीचं नाव तबकडीच्या कागदी चकतीवर, पुढे कॅसेटच्या वेष्टनावर, छापलं तर छापलं. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याचं वेष्टन कोण बघतो? जे गाणाऱ्याचं ते गाणं, असं होऊन बसतं. आंबेडकरी गायकांपैकी बऱ्याच जणांनी वामनदादांची गाणी गायली आणि काही गायक घराघरांत पोचले. त्यांच्या आवाजाचा मान राखूनच म्हणते, ऐकणाऱ्याला ‘हे कुणी लिहिलं’ असं विचारून पाहा. नाव सांगतात ते ज्यांनी शेवटचं कडवं ऐकलंय ते.

कायदा काय म्हणतो? भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांचा हक्क २०६४ सालच्या अखेरीपर्यंत वारसांकडे आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आणखी भक्कम केला. पण त्याच कायद्यात एक सूटही आहे: धार्मिक विधी, लग्न, वरात अशा प्रसंगी गाणं वाजवलं तर तो भंग नाही. आता वामनदादांचं गाणं सगळ्यात जास्त कुठे वाजतं सांगा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात, वरातीत. ही सूट असू नये असं मी म्हणत नाही, वस्तीतल्या लग्नात कुणी परवाना मागायला आलं तर मीच आधी भांडेन. फक्त एवढंच बघा, की ज्या जागी गाणं जिवंत राहिलं ती नेमकी तीच जागा आहे जिथून कायद्याने एक पैसाही येऊ शकत नाही.

आता रॅपरकडे या. त्याचं नाव गाण्यात असतं, बरेचदा पहिल्या दहा सेकंदांत, आरोळीसारखं. शिवाय ते ॲपवर असतं, व्हिडिओखाली असतं, फाइलच्या पोटात असतं. मालकीचा कागद आता गाण्यासोबत जातो. मग त्याचं बरं चाललंय का? तमिळ रॅपर अरिवु याचं ‘एंजॉय एंजामी’ मार्च २०२१मध्ये आलं आणि जगभर गेलं. श्रेय कोणाचं यावर त्याच वर्षी जाहीर वाद झाला, आणि २०२४ साली संगीतकार संतोष नारायणन यांनी या गाण्यातून आपल्याला काहीच मिळालं नसल्याचं सांगितलं. कोट्यवधी वेळा पाहिलेलं गाणं, सगळ्यांची नावं ठळक लिहिलेली. नाव टिकलं म्हणजे भाकरी टिकली असं होत नाही, हे वामनदादांच्या काळातही खरं होतं.

पण एका बाबतीत रॅपर वामनदादांपेक्षा जास्त एकटा आहे, आणि हा माझ्या मते या तुलनेतला सगळ्यात गंभीर मुद्दा. त्याचं गाणं दुसरं कोणी गात नाही. रॅपमध्ये दुसऱ्याच्या ओळी म्हणणं ही नाचक्की समजली जाते. आपलं आपण लिहायचं, आपल्या तोंडाने म्हणायचं. त्यामुळे रॅपर आजारी पडला, दौरा थांबला, घाबरून गप्प बसला, तर गाणं गावोगाव फिरणं थांबतं. मागे रेकॉर्डिंग उरतं. एप्रिल २०२३मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले. तेव्हा पाठिंबा भरपूर मिळाला, व्हिडिओ पुढे पाठवले गेले. व्हिडिओ पुढे पाठवणं सोपं असतं आणि ते काढून टाकायला लावणंही सोपं असतं. वामनदादांचं गाणं असं काढून टाकता आलं नसतं. ते ज्या दिवशी सिन्नरमध्ये गायले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाणं इगतपुरीला दुसराच कुणी गात होता, तिसऱ्या दिवशी एखादी बाई जात्यावर नाहीतर निंदणी करताना. कोणाकोणावर गुन्हा नोंदवणार?

म्हणून ‘रॅपर म्हणजे आजचा शाहीर’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. धाडस आहे, फिरती आहे, गरिबी तर आहेच. नाही ती मागची गाणारी माणसं. शाहीर दौऱ्यावरून निघून गेल्यावर जे गाव उरायचं, ते गाव रॅपरच्या मागे अजून तयार झालेलं नाही. होणारच नाही असंही नाही. स्वदेशी या मुंबईतल्या चमूने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, त्यात आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर गायले. तिथे एक शक्यता दिसते: रॅपरच्या ओळी एकट्याच्या, पण मधला गाता येण्याजोगा भाग पाड्याच्या मालकीचा.

आणि उलट्या बाजूने येणारी माणसंही आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात वडिलांकडून गाणं शिकल्या, नवऱ्याच्या मागे लेकरं सांभाळत एकतारी घेऊन दारोदार गायल्या. मग कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं आणि ते लाखो लोकांपर्यंत गेलं. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट लक्षात येते जी वामनदादांबद्दल बोलताना आपण टाळतो. पुरुष शाहीर दौऱ्यावर जातो तेव्हा घरी कोणीतरी असतं, चूल आणि लेकरं बघणारं. बाई दौऱ्यावर निघाली की लेकरं सोबत निघतात. ‘फिरस्ता कलंदर’ हे चित्र पुरुषालाच शोभून दिसतं, कारण त्यातून घर कापलेलं असतं.

याच्या पुढचं थोडं कडू आहे. आपण वामनदादांना लोकशाहीर म्हणतो, महाकवी म्हणतो, २०२२ साली जन्मशताब्दीही झाली. हे सगळं योग्य आहे. पण ‘त्यांनी समाजासाठी गायलं, पैशासाठी नाही’ हे वाक्य जेव्हा मंचावरून टाळ्यांत म्हटलं जातं तेव्हा मी अस्वस्थ होते. हे वाक्य कोणाच्या सोयीचं आहे? समाजासाठी गाणाऱ्यालाही एसटीचं तिकीट लागतं. वस्तीने त्यांना जेवू घातलं, अंथरूण दिलं, जमेल ती बिदागी दिली. ती वस्ती स्वतः गरीब होती आणि तिने दिलं ते तिच्या ऐपतीपेक्षा जास्तच होतं. ज्यांची ऐपत होती, म्हणजे मराठी साहित्याची छापील दुनिया, रेकॉर्ड आणि कॅसेटचा बाजार, विद्यापीठं (हो, आम्हीसुद्धा), त्यांनी काय दिलं हा हिशेब मांडायचा तर ‘पैशासाठी नाही’ हे वाक्य मध्ये येतं आणि हिशेबाची वही मिटते. आज तरुण रॅपरला ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणणारा प्रमोटर याच वाक्याचा धाकटा भाऊ आहे.

आणखी एक बदल नोंदवून ठेवते, कारण तो दोघांनाही लागू आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावता येत नाही. सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम आवश्यक आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण जेवणं उरकून नऊ-दहाला सुरू होणारा आणि कोंबड्याच्या आरवण्याला संपणारा कार्यक्रम त्यामुळे गेला. आता सातला सुरू, दहाला बंद, त्यात अर्धा वेळ सत्कारांचा. एका गाण्याला तीन-चार मिनिटं. फर्माईश नाही, सामना रंगत नाही, पाचवं कडवं येत नाही. म्हणजे तबकडीच्या कात्रीचं काम आता घड्याळ करतंय.

पुढचे काही महिने मी छापील संग्रह आणि हाताने उतरवलेल्या वह्या शेजारी ठेवून एकच गोष्ट बघणार आहे: शेवटचं कडवं कुठे शिल्लक आहे आणि कुठे गळलंय. इथे तुमची मदत होऊ शकते. नाशिक, सिन्नर, निफाड, येवला, मनमाड, कुठेही, तुमच्या घरात आजोबांची किंवा मावशीची गाण्याची वही असेल तर ती नीट करायच्या, नवीन वहीत उतरवायच्या भानगडीत पडू नका. फाटकी, तेलाचे डाग पडलेली, जशी आहे तशी राहू द्या. उतरवताना माणूस पहिल्यांदा काय गाळतो माहीत आहे? वरची ‘चाल’ची ओळ. आणि कंटाळा आला की शेवटचं कडवं. पानांचे फोटो काढा, प्रत्येक गाण्याचं वरचं टोक आणि खालचं टोक फोटोत येईल असे.